फिश टँकमधलं केळीचं झाड: एक कुजवलं, दुसरं जगवायचंय

नवशिक्या_मुलुंड | १५ मार्च, रात्री ११.२०

रामराम मंडळी. इतकी वर्षं रोमात (नुसता वाचत) होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

घरी दोन फुटी टाकी आहे, २४ बाय १२ बाय १५ इंच. खडी वगैरे जाऊन साठेक लिटर पाणी बसतं. आत आठ-दहा गप्पी, चार मॉली आणि काच चाटणारा एक सकर. जानेवारीत मुलीला घेऊन कुर्ल्याला मासे आणायला गेलो होतो. तिथे एका बरणीत हे दिसलं: करंगळीच्या पेराएवढी हिरवी केळी, दहा-बारा, अगदी फणीसारखी एकत्र, आणि वर हृदयाच्या आकाराची दोन पानं. मुलगी हटूनच बसली. दुकानदार म्हणाला, बनाना प्लांट, दीडशे. घासाघीस करून सव्वाशेला आणलं. ठाणे लोकलच्या गर्दीत ती पिशवी डोक्यावर धरून आणलीय, हे मुद्दाम सांगतो.

दुकानदाराने बजावलं होतं, "खडीत नीट दाबा, नाहीतर वर तरंगतं." मी मूळचा कोकणातला. केळीचा कंद कसा लावतात ते लहानपणापासून बघितलंय. खड्डा काढायचा, कंद झाकायचा, माती पायाने दाबायची. तसंच केलं (पाय सोडून). केळी तीन इंच खडीत गडप, वर फक्त पानं.

महिनाभर झकास. एक नवीन पानही आलं. फेब्रुवारीच्या शेवटी मात्र पानं देठाकडून काचेसारखी आरपार दिसायला लागली. एक हलकेच ओढलं तर नुसता देठ हातात. खडी उकरली तर केळ्यांच्या जागी तपकिरी लगदा, आणि वास असा की बायको स्वयंपाकघरातून ओरडली, सिलिंडर बघा आधी!

दोन मॉलीही त्यात गेल्या. मुलगी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. नक्की काय चुकलं? आणि महिनाभर चांगलं असलेलं झाड एकदम कसं काय बसलं? हे मला सगळ्यात जास्त छळतंय.

शिकरणप्रेमी | १५ मार्च, रात्री ११.३१

घड कधी लागतो हो? दूध-साखर घेऊन बसलोय.

काचवाले_काका | १६ मार्च, सकाळी ६.१०

केळी पुरलीत ना, तिथेच संपलं. ती पुरायची नसतात. खडीवर टेकवायची, बस. वर येत असेल तर टोकं नखभर आत, बाकी सगळी उघडी. तेही जमत नसेल तर नायलॉनच्या दोऱ्याने एका खड्याला सैल बांधा. चाळीस वर्षं टाक्या करतोय, दर महिन्याला एक जण केळी पुरून येतो.

खडी तीन इंच कशाला? दीड-दोन पुष्कळ. आणि सकर आधी कुणाला तरी देऊन टाका. आत्ता चार इंचाचा असेल. तो फूटभर होतो. साठ लिटरमध्ये बुलडोझर ठेवल्यासारखं आहे, झाडं रोज उपटेल.

रानवाटा | १६ मार्च, दुपारी १.४५

काकांनी मुख्य उत्तर दिलंच आहे. मी कारण सांगते. वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबेल.

या झाडाचं नाव निम्फॉइडिस ॲक्वाटिका. केळीशी काडीचा संबंध नाही. कमळाशी किंवा पाणलिलीशीही नाही, पानं तशी दिसतात एवढंच. निम्फॉइडिस या नावाचा अर्थच 'निम्फियासारखं', म्हणजे पाणलिलीसारखं. याचं कुळ मेनिअँथेसी, आणि ते ज्या गणात येतं त्याच गणात सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती आहेत. म्हणजे तुमच्या टाकीतलं 'केळं' दसऱ्याच्या तोरणाचं लांबचं भावंड. माहेर अमेरिकेच्या आग्नेय भागातलं. फ्लोरिडापासून टेक्सासपर्यंतची संथ तळी, दलदल, ओढे.

आता ती केळी. ती फळं नाहीत, मुळं आहेत. हंगाम सरताना तरंगत्या पानाच्या खाली, पेरावर, जाड मुळांचा एक जुडगा धरतो. त्यात स्टार्च भरलेला असतो. मग तो जुडगा सुटतो, तळाशी जाऊन चिखलावर बसतो, थंडी काढतो, आणि पाणी कोमट झालं की त्यातून नवं रोप उठतं. म्हणजे दुकानातून तुम्ही घरी आणता ती झाडाने प्रवासाला बांधून घेतलेली शिदोरी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पहिला महिना झाड तुमच्या टाकीवर जगलंच नाही, शिदोरीवर जगलं. नवीन पान आलं तेही त्यातलंच खाऊन. तुम्ही तेवढ्यात शिदोरी गाडून टाकलीत. दाट खडीच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही. हे जाड मूळ चिखलावर बसण्यासाठी बनलेलं, चिखलात रुतण्यासाठी नाही. ते कुजलं. प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंनी त्यातून हायड्रोजन सल्फाइड काढला, तोच सडक्या अंड्यांचा वास. खडी उकरल्यावर तो पाण्यात मिसळला असणार. मॉली त्याच दिवशी गेल्या का?

नवशिक्या_मुलुंड | १६ मार्च, रात्री ९.०५

दुसऱ्या दिवशी सकाळी, ताई. आता कळलं.

म्हणजे मी आधी पुरून मारलं आणि मग उकरून मासे मारले. बढिया.

हिरवागार | १६ मार्च, रात्री १०.१२

मला वाटतं सगळे मुळांवरच अडकलेत. साठ लिटरला लाइट किती आहे? दुकानातल्या निळसर पट्टीवर काही वाढत नाही. साडेसहा हजार केल्विनची पांढरी एलईडी घ्या, टायमर लावा, सोबत सीओटूचा छोटा सिलिंडर. तीन महिन्यांत जंगल.

काचवाले_काका | १७ मार्च, सकाळी ६.०५

एका सव्वाशेच्या रोपासाठी पाच-सहा हजारांचा सिलिंडर. कमाल आहे बाबा.

हिरवागार | १७ मार्च, सकाळी ९.४०

काका, तुमच्या काळात ट्यूबलाइटखाली हायड्रिला वाढायचा, मान्य. पण आता लोकांना टाकी दिसायलाही चांगली हवी असते.

रानवाटा | १७ मार्च, दुपारी २.२०

भांडू नका. लाइटबद्दल हिरवागार बरोबर आहे, पट्टी बदलाच. पण सीओटूची इथे खरंच गरज नाही. पाण्याखालच्या झाडांना कार्बन डायऑक्साइड पाण्यातूनच ओढावा लागतो, म्हणून ती अडतात. हे झाड पान पृष्ठभागावर पाठवतं. तरंगत्या पानाची रंध्रं वरच्या बाजूला असतात आणि ते थेट हवेतून श्वास घेतं. हवा फुकट आहे, मुलुंडचीसुद्धा.

फक्त त्या पानावर बबलरचं किंवा फिल्टरचं पाणी सतत पडता कामा नये. पाण्याचा पातळ थर बसला की रंध्रं बुजतात, आणि मग कडेने कुजायला सुरुवात.

शिकरणप्रेमी | १७ मार्च, दुपारी २.२६

पण शिदोरीत केळीच का? पोळी-भाजी का नाही?

नवशिक्या_मुलुंड | २४ मार्च, रात्री १०.५०

दुसरं आणलं, या वेळी क्रॉफर्ड मार्केटमधून. मुलीने निवडलं. काका, निवडताना काय बघायचं ते विचारायचं राहिलंच होतं. आम्ही सगळ्यात जाड केळ्यांचं घेतलं. आता दोन बोटांनी खडीवर टेकवून ठेवलंय, पुढे एक गोटा. दोन केळी खडीत नखभर, बाकी हवेत. म्हणजे पाण्यात. दिसायला फारच विचित्र, जणू कुणी फणी विसरून गेलंय तळाशी. सकर ऑफिसातल्या एकाच्या मोठ्या टाकीत रवाना झाला.

काचवाले_काका | २५ मार्च, सकाळी ६.१५

जाडीपेक्षा घट्टपणा बघायचा. चिमटीत धरून हलकेच दाबायचं, टणक लागलं पाहिजे. मऊ किंवा काळ्या टोकाचं असेल तर नको. आणि मधला कोंब शाबूत हवा. केळी दहा असोत नाहीतर चार, कोंब मोडला असेल तर नुसतं लोणचं.

पाणी कुठलं टाकता? नळाचं की सोसायटीच्या बोअरिंगचं?

नवशिक्या_मुलुंड | २५ मार्च, सकाळी ८.००

नळाचं. आठवड्याला दोन बादल्या बदलतो. बोअरिंगचं फक्त फ्लशला.

काचवाले_काका | २५ मार्च, सकाळी ८.२२

मग उत्तम. मुंबईचं पाणी तलावांचं. भातसा, तानसा, वैतरणा, सगळं पावसाचं साठवलेलं. क्षार कमी, या झाडाला मानवतं. टँकरचं किंवा बोअरिंगचं असतं तर वेगळा विचार करावा लागला असता. क्लोरीनसाठी बादली रात्रभर उघडी ठेवा, घाई असेल तर हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) दोन-चार खडे. मात्र सोसायटीची टाकी धुतात ना, त्या आठवड्यात पाणी बदलूच नका. टाकी धुणारे ब्लीचिंग पावडर हात सैल सोडून टाकतात. माझ्या एका गिऱ्हाइकाचे सगळे मासे एका रविवारी गेले होते.

आणि शंख-शिंपले ठेवले असतील टाकीत शोभेला, तर काढा. ते विरघळून पाणी जड करतात.

नवशिक्या_मुलुंड | २५ मार्च, सकाळी ८.३०

काका, शिंपले आहेत हे तुम्हाला कसं कळलं??

काचवाले_काका | २५ मार्च, सकाळी ८.३३

लहान मुलगी आहे म्हणालात ना.

गप्पीष्ट | ३ एप्रिल, दुपारी ४.१०

उशिरा आले धाग्यावर. वाखुसा (वाचनखूण साठवली). मी दहिसरला बाल्कनीत जुन्या प्लास्टिकच्या टबात कुमुदिनी ठेवते, तिची पानं अशीच हृदयासारखी आहेत. हे तेच का? शेजारच्या काकूंनी तक्रार केली होती की डास होतात. पालिकेचा माणूस बॅटरी घेऊन आला, टबात डोकावला, गप्पी दिसले तेव्हा म्हणाला, ताई हे ठीक आहे, पण खालची ताटली ओतून टाका. ताटलीत सापडल्या बाई अळ्या! टब निर्दोष सुटला, कुंडीची ताटली दोषी.

रानवाटा | ३ एप्रिल, संध्याकाळी ७.३०

तेच नाही, पण सख्खं. कुमुदिनी म्हणजे निम्फॉइडिस इंडिका, आपल्याकडची. पाकळ्यांवर झालरीसारखे पांढरे केस असतात तीच ना? कासला कुमुदिनीचं तळंच आहे, पावसाळा सरताना पाण्यावर पांढरी रांगोळी घातल्यासारखं दिसतं. नवशिक्यांच्या टाकीतली तिची अमेरिकन बहीण. तिला आपल्या कुमुदिनीसारखी झालर नसते, फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, साधं. फूल एका दिवसाचंच.

जाता जाता: टाकीतलं जास्तीचं झाड पवईच्या तलावात वगैरे सोडू नका. तिथे जलपर्णी काय करते ते आपण बघतोच. आणि हे एकतर्फी नाही. निम्फॉइडिस क्रिस्टाटा ही आशियातली, आपल्याकडचीच एक जात फ्लोरिडात गेली आणि तिथले कालवे आणि तलाव तिने झाकून टाकले. त्यांची केळी आपल्या टाक्यांत, आपली कुमुदिनीची चुलत बहीण त्यांच्या कालव्यांत.

नवशिक्या_मुलुंड | १४ मे, रात्री ११.००

अपडेट. तीन गोष्टी झाल्या.

पहिली, दोन पानं पृष्ठभागावर आलीत. देठ एका रात्रीत चार बोटं वाढतो, खोटं वाटेल, पण मुलीने काचेवर स्केचपेनने खुणा केल्यात. वरचं पान तळव्याएवढं, वरून हिरवंगार, उलटं करून बघितलं तर खालून जांभळं आणि खरखरीत. पाण्यातली पानं मात्र पातळ, कडा थोड्या चुणलेल्या. एकाच झाडाला दोन तऱ्हेची पानं.

दुसरी, उकाडा. टाकीचं तापमान ३२ वर गेलंय. गप्पी वर येऊन तोंड उघडझाप करतात.

तिसरी, आणि याने मी हादरलोय: केळी बारीक होतायत. बारापैकी चार तर वाळक्या मिरचीसारखी झालीत. पुन्हा तेच होतंय का?

काचवाले_काका | १५ मे, सकाळी ६.००

आधी मासे. झाकण काढा, टेबलफॅन पाण्यावर तिरका लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतं. पाणी रोज थोडं कमी होईल ते भरत राहा. बर्फ टाकू नका, एकदम गारठा बसतो. झाडाचं काही नाही, फ्लोरिडात काय कमी उकडतं?

केळी हाताने चाचपून बघा. आक्रसलेलं पण कडक असेल तर चांगलं. फुगीर आणि लिबलिबीत असेल तर वाईट, चिमट्याने तेवढंच तोडून टाका, बाकीची वाचतील.

रानवाटा | १५ मे, दुपारी १.१०

आणि मधून पांढरी, दोऱ्यासारखी बारीक मुळं खडीत गेलीत का ते बघा. गेली असतील तर अभिनंदन. शिदोरी संपत आली आणि झाडाने स्वतःची चूल मांडली. आता त्याला खरोखर खायला लागेल, आजवर लागलं नव्हतं.

नवशिक्या_मुलुंड | १५ मे, रात्री १०.१५

गेलीत! शेवयांसारखी. केळी सगळी कडक. हुश्श.

खायला म्हणजे काय द्यायचं? सासूबाई म्हणतात, शेणखताची पुरचुंडी बांधून ठेवा. मी टेबलफॅनच्या वायरीवरून त्यांची समजूत घालतोय तेवढ्यात हे नवीन.

हिरवागार | १५ मे, रात्री १०.४०

नको नको नको. शेणखत, युरिया, बागेचं कुठलंही खत टाकीत नको. अमोनिया वाढून सकाळपर्यंत मासे पोटावर तरंगतील. मुळांशी रूट टॅबचा (टाकीतल्या झाडांसाठीच्या खताच्या गोळीचा) अर्धा तुकडा खडीत खोल ढकला, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. बाकी माशांच्या विष्ठेतून नायट्रोजन मिळतोच. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर पोटॅशियम कमी. नवीन पान फिकट पिवळं आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी. तेव्हा झाडांसाठीचं लिक्विड घ्या, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं.

लाइट किती तास?

नवशिक्या_मुलुंड | १५ मे, रात्री १०.४४

सकाळी आठ ते रात्री अकरा. मुलीला झोपताना बघायला आवडतं.

हिरवागार | १५ मे, रात्री १०.४५

पंधरा तास!! सात-आठ करा. शेवाळ अजून कसं आलं नाही तेच नवल. आणि दिवस एवढा लांब असला की हे झाड सगळी ताकद वर पाठवतं. खाली पानं हवी असतील तर तास कमी करा आणि वर निघालेला देठ लहान असतानाच बुडापासून कापत चला. सगळी वर गेली तर खालची बाकीची झाडं अंधारात.

काचवाले_काका | १६ मे, सकाळी ६.०२

मुद्द्याचं बोलला. मान्य.

गप्पीष्ट | १६ मे, सकाळी ११.१५

काकांनी हिरवागारला मान्य म्हटलं, तारीख लिहून ठेवा. 😄

माझा अनुभव: देठ कापू नका हो, एक तरी वर राहू द्या. सकाळी पानाखाली गप्पीची पिल्लं लपतात, ते बघण्यासारखं असतं. मोठे गप्पी स्वतःचीच पिल्लं खातात, त्यांना तेवढाच आडोसा.

नवशिक्या_मुलुंड | ९ जुलै, रात्री ९.३०

गोगलगायींचं काय करू? झाडांबरोबर अंडी आली असावीत. आता काचेवर साताठ आहेत, वाटाण्याएवढ्या, चपट्या गुंडाळीच्या. एका पानाला भोक दिसलं.

काचवाले_काका | १० जुलै, सकाळी ६.२०

चपट्या असतील तर राहू द्या. त्या मेलेलं, कुजलेलं खातात. भोक आधी पडलं, त्या नंतर आल्या. लिंबाएवढ्या मोठ्या सफरचंदी गोगलगायी दुकानात सोनेरी रंगाच्या विकतात, त्या मात्र आणू नका, कोवळं पान रात्रीत फस्त. संख्या फार वाढली तर तुम्ही माशांना खाणं जास्त घालताय.

नवशिक्या_मुलुंड | २८ ऑगस्ट, रात्री ११.४५

हे जरा सविस्तर लिहितो, कारण मलाच अजून पटत नाहीये.

महिन्याच्या सुरुवातीला आई गावाहून आली. मी ऑफिसात असताना टाकीत मेलेला गप्पी दिसला म्हणून तिने जाळी घातली आणि सगळ्यात मोठं तरंगतं पान बोटभर देठासकट तुटलं. मुलीने रडून गोंधळ घातला. आई म्हणाली, अगं रडतेस काय, पानफुटीचं पान टाकलं की फुटतं ना, हेही फुटेल. श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, टाकीतलंच पाणी भरलं, पान त्यात सोडलं आणि खिडकीत ठेवला. संध्याकाळी मला हे कळलं तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, आई, ही पानफुटी नाही, हे शेवंतीच्या गणातलं आहे. (रानवाटाताई, तुमचंच वाक्य.) ती म्हणाली, असू दे.

गणपतीच्या गडबडीत डब्याकडे कुणी बघितलं नाही. आई तेवढी एक दिवसाआड पाणी बदलत होती, डास नकोत म्हणून. आज सकाळी मुलीने हाक मारली. पान उलटं केलं तर देठ जिथे पानाला मिळतो त्याच्या जरा खाली, पेरासारखा जो फुगवटा आहे तिथे, पाच हिरवे खुंट. तांदळाच्या दाण्याएवढे, टोकाला किंचित वाकलेले. स्वल्पविराम असतो तसे. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं एक पान, घडी न उलगडलेलं.

केळी आहेत. छोटी केळी.

शिकरणप्रेमी | २८ ऑगस्ट, रात्री ११.५२

मी विनोद करायला आलो होतो, पण आता आजींना दंडवत घालून जातो.

रानवाटा | २९ ऑगस्ट, दुपारी १२.३०

आईंना माझाही नमस्कार सांगा. उदाहरण वेगळ्या झाडाचं, पण हात बरोबर जागी पडला.

पानफुटीला नवी रोपं पानाच्या कडेवरच्या खाचांतून येतात. इथे पान काही करत नाही. गंमत अशी की आपण ज्याला लांब देठ म्हणतोय तो मुळात देठच नाही, खोड आहे. झाड तळातून एक लांब खोड वर पाठवतं, त्याच्या टोकाला एक पेर, आणि त्या पेरावर अगदी आखूड देठाचं एकच पान. फुलंही त्याच पेरावर येतात, मुळंही, केळीही. म्हणून पान तोडताना पेर सोबत आलं तरच फुटतं. जाळीने खालून तुटलं, पेर शाबूत राहिलं. कुणी मुद्दाम कापणार असेल तर पानाच्या खाली दोन-तीन इंच ठेवून कापा. पानालगत कापलं तर नुसतं पान तरंगेल आणि पंधरा दिवसांत पिवळं पडून जाईल.

आता घाई करू नका. खुंट दोन-तीन सेंटिमीटरचे होऊ द्या, जुनं पान आपोआप कुजून सुटेल. ओढून सोडवू नका.

काचवाले_काका | २९ ऑगस्ट, संध्याकाळी ५.५०

इतक्या वर्षांत मी तुटलेली पानं फेकून देत आलो. किती फेकली असतील देव जाणे.

हिरवागार | २९ ऑगस्ट, संध्याकाळी ६.०४

काका, संध्याकाळी पोस्ट? बरं आहे ना सगळं?

गप्पीष्ट | ३० ऑगस्ट, सकाळी १०.००

मला एक पिल्लू पाहिजे! आधीच सांगून ठेवते. बाल्कनीतल्या टबात उघड्यावर लावणार, सकाळचं ऊन मिळतं तीन तास. टाकीत झाकणाखाली फूल येणं कठीण, माझ्याकडे येईल असं वाटतंय. आलं की फोटो टाकेन. शेजारच्या काकूंच्या नाकावर टिच्चून.

नवशिक्या_मुलुंड | ११ ऑक्टोबर, रात्री ९.१५

जुनं पान शेवटी सुटलं. खाली सात केळी, सगळ्यात मोठं करंगळीच्या नखाएवढं. तळाशी जाऊन आपसूक बसलं, मी हातही लावला नाही. आईने तोडलं तसं मीही सप्टेंबरात एक पान पेरासकट कापून डब्यात सोडलं होतं, त्यालाही चार फुटलीत. म्हणजे एक मुलीचं, एक गप्पीष्टताईंचं. मूळ झाडाची जुनी केळी आता तीनच उरलीत, बाकी मुळांच्या जाळ्यात दिसतच नाहीत.

ताई, शनिवारी साडेअकराला दादरला मधल्या पुलावर, तिकीट खिडकीच्या बाजूला. निळ्या झाकणाचा डबा असेल, आत टाकीचंच पाणी. तिथे गर्दीत उघडून दाखवायला सांगू नका.

गप्पीष्ट | ११ ऑक्टोबर, रात्री ९.२०

येतेच. हिरव्या ओढणीत असेन. आईंसाठी चकल्या आणतेय, त्यांना द्या, वाटेत संपवू नका.

काचवाले_काका | १२ ऑक्टोबर, सकाळी ६.०८

त्यांना सांगा, टबातल्या मातीत दाबायचं नाही.